कोटेशन गेलं कुठे? स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांनी मेल शोधायचा कसा

मामांचं भोसरीत शीट मेटलचं वर्कशॉप आहे आणि त्यांच्या डोमेनचा मेल माझ्या सर्व्हरवर चालतो. मध्ये एकदा सकाळी साडेनऊला फोन. "अरे, पार्टी म्हणतेय कोटेशन आलंच नाही, आणि मी तर परवाच पाठवलंय. तुझ्या त्या सर्व्हरचं काहीतरी बघ."

आता या एका वाक्यामागे निदान सहा वेगळ्या भानगडी असू शकतात. मेल मामांच्या लॅपटॉपवरून निघालाच नसेल, माझ्या सर्व्हरच्या रांगेत पडून असेल, समोरच्या सर्व्हरने दारातूनच हाकलला असेल, घेऊन स्पॅममध्ये टाकला असेल, पत्ताच चुकला असेल, नाहीतर पोचलाय आणि पार्टीने बघितलाच नाहीये. सहाही वेळा तक्रार एकच येते, "मेल गेला नाही". सुरुवातीला मी अशा वेळी थेट कॉन्फिग (सेटिंगच्या फायली) उघडून दोनचार गोष्टी बदलायचो, मग त्यातली कुठली लागू पडली ते कळायचं नाही आणि वर एखादी चालू गोष्ट बंद पडायची. आता माझा एकच नियम आहे, लॉगमधली (सर्व्हर ठेवतो त्या नोंदींमधली) त्या मेलची ओळ सापडेपर्यंत कॉन्फिगला हात लावायचा नाही.

माझ्याकडे साधा व्हीपीएस (भाड्याचा ऑनलाइन सर्व्हर) आहे, त्यावर डेबियन ही लिनक्स, मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, मेलबॉक्स सांभाळायला डव्हकॉट आणि स्पॅम गाळायला आरस्पॅमडी. तुमच्याकडे दुसरं काही असलं तरी क्रम हाच राहतो. कमांड आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत, आणि सेटिंगच्या शब्दांमध्ये अंडरस्कोअर असतो.

पहिली पायरी: ओळ शोधा

तक्रार करणाऱ्याकडून तीन गोष्टी घ्या, कुणाकडून, कुणाला, साधारण किती वाजता. स्क्रीनशॉट मिळाला तर उत्तम, कारण पत्ता तोंडी सांगताना लोक बरोबर सांगतात आणि टाइप करताना चुकतात. मग लॉगमध्ये समोरच्याचा पत्ता ग्रेप करा, म्हणजे त्या कमांडने शोधा. डेबियनवर पूर्वी व्हार-लॉगमधली मेल डॉट लॉग फाइल असायची, डेबियन १२ पासून ती लिहिणारा आरसिसलॉग आपोआप बसत नाही, त्यामुळे फाइल दिसली नाही तर घाबरू नका, सिस्टिमच्या नोंदी दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलला युनिटच्या (सर्व्हिसच्या) नावात पोस्टफिक्स आणि पुढे स्टार देऊन बघा.

सापडलेल्या ओळीत प्रोसेसच्या नावानंतर एक अक्षरं-आकड्यांचा कोड असतो, तो क्यू आयडी, म्हणजे मेलचा रांगेतला नंबर. आता तो आयडी ग्रेप करा म्हणजे त्या मेलची अख्खी कुंडली समोर येते, कुठून आला, कुणी लॉगिन केलं होतं, किती साइजचा होता, आणि शेवटी स्टेटस. सेंट (गेला), डिफर्ड (नंतर पुन्हा प्रयत्न) किंवा बाउन्स्ड (परत आला), बहुतेक वेळा या तीनपैकी एक.

सेंट दिसलं आणि पुढे कंसात २५० ने सुरू होणारं उत्तर असेल तर समोरच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतला, पुढची जबाबदारी त्याची. त्या उत्तरात बहुतेक वेळा त्यांचा स्वतःचा आयडीही असतो, ती पूर्ण ओळ कॉपी करून पार्टीच्या आयटीवाल्याला पाठवा, "आमच्याकडून गेलाय हो" असं नुसतं म्हणण्यापेक्षा त्याला काहीतरी शोधता येतं. फक्त एक फसगत होते ती सांगतो. सेंटच्या आधी रिले, म्हणजे मेल ज्याला दिला तो सर्व्हर, कुठला आहे ते वाचा. तिथे १२७.०.०.१ असेल तर मेल बाहेर गेलेला नाहीये, तुमच्याच मशीनवरच्या फिल्टरला दिलाय (अमाविस वापरणाऱ्यांकडे हमखास), फिल्टरमधून परत आल्यावर त्याला नवीन क्यू आयडी मिळतो आणि खरी गोष्ट त्या दुसऱ्या आयडीखाली असते.

आणि लॉगमध्ये काहीच नाही? मग मेल सर्व्हरपर्यंत आलाच नाही. आधी मेल ॲपमधलं पोर्ट बघा. मेल पाठवायला ५८७ किंवा ४६५ वापरायचं, २५ हे सर्व्हर-सर्व्हरमधल्या बोलण्यासाठी आहे आणि घरगुती ब्रॉडबँडवर ते बऱ्याचदा बंदच असतं. पोर्ट बरोबर असेल तर फेल२बॅन (लॉगिन वारंवार चुकलं की तो आयपी अडवणारा प्रोग्राम) बघा. एकदा मामांच्या ऑफिसमधल्या सगळ्यांचा मेल एकदम बंद पडला, माझ्या घरून मात्र व्यवस्थित चालू. पासवर्ड बदलला होता आणि ड्रॉवरमध्ये पडलेला एक जुना फोन वायफायवरून जुन्या पासवर्डने दर काही मिनिटांनी लॉगिनचा प्रयत्न करत होता, फेल२बॅनने आयपी बॅन केला, आणि अख्खं ऑफिस एकाच आयपीमागे! अनबॅन करणं सोपं आहे, पण तो फोन शोधायला मला भोसरीला जावं लागलं.

दुसरी पायरी: रांग वाचा

मेलक्यू कमांड द्या, रांगेतले मेल दिसतात. आयडीपुढे स्टार असेल तर तो मेल आत्ता पाठवला जातोय, उद्गारचिन्ह असेल तर होल्डवर आहे, काहीच नसेल तर पुढच्या प्रयत्नाची वाट बघतोय. खाली कंसात कारण असतं, ते वाचा, खरंच वाचा, निम्मे लोक इथे कारण न वाचता गुगल करायला जातात.

उत्तराचा पहिला आकडा महत्त्वाचा. ४ ने सुरू होत असेल तर "आत्ता नाही, नंतर या", ५ असेल तर "येऊच नका". ४ वाल्यांसाठी पोस्टफिक्स सुरुवातीला ३०० सेकंदांनी आणि मग वाढवत ४,००० सेकंदांपर्यंत अंतर ठेवून प्रयत्न करत राहतो, आणि तसा तो ५ दिवस करतो. गंमत म्हणजे या ५ दिवसांत तो पाठवणाऱ्याला काहीही सांगत नाही, कारण डिले वॉर्निंग टाइम ही सेटिंग मुळात शून्यावर असते. ती ४ तासांवर ठेवा, आजच ठेवा.

मामांचं कोटेशन इथेच सापडलं. डॉट कॉमच्या जागी त्यांनी डॉट को टाइप केलं होतं. तसं डोमेन अस्तित्वात होतं, कुणीतरी घेऊन नुसतं पार्क केलेलं, त्याला एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचा ते सांगणारी, डीएनएस या इंटरनेटच्या पत्तेवहीतली नोंद) नव्हता पण वेबसाइटचा ए रेकॉर्ड (नावावरून आयपी सांगणारी नोंद) होता. एमएक्स नसेल तर मेल ए रेकॉर्डवरच्या आयपीला द्यायचा असा एसएमटीपीचा (सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या भाषेचा) जुना नियम आहे, त्यामुळे माझा सर्व्हर बिचारा त्या आयपीचं बंद २५ पोर्ट दोन दिवस ठोठावत बसला होता, कनेक्शन टाइम्ड आउट, कनेक्शन टाइम्ड आउट. डोमेनच नसतं तर लगेच बाउन्स आला असता आणि मामांना पाच मिनिटांत कळलं असतं.

टाइम्ड आउट एकाच ठिकाणी नाही तर सगळीकडेच येत असेल तर बाहेर जाणारं २५ पोर्ट बंद आहे. बऱ्याच क्लाउड कंपन्या नवीन खात्याला ते बंदच देतात, सर्व्हरवरूनच जीमेलच्या एमएक्सला २५ वर टेलनेट करून (हाताने कनेक्शन लावून) बघा, उत्तर आलं नाही तर होस्टिंगवाल्याला तिकीट टाका. घरच्या कनेक्शनवर सर्व्हर ठेवणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की येणारा मेल घरी घ्या हवं तर, पण बाहेर जाणारा एखाद्या रिले सर्व्हिसमधून पाठवा. घरगुती आयपी बहुतेक वेळा स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या यादीत) असतात, तिथून थेट पाठवलेला मेल कुणी घेत नाही. येणाऱ्याचं तेवढं टेन्शन नसतं. गुरुवारी पुण्यात लाइट गेली आणि सर्व्हर चार तास बंद पडला तरी समोरचे सर्व्हर मेल स्वतःच्या रांगेत ठेवतात आणि नंतर देतात.

"नेम सर्व्हिस एरर, ट्राय अगेन" येतंय पण डिग (डीएनएसला विचारायची कमांड) केलं की सगळं नीट दिसतंय, हे कोडं मला एक पूर्ण रविवार पडलं होतं. माझ्या डेबियनवर पोस्टफिक्सचे बरेच भाग क्रूटमध्ये (स्वतःच्या बंदिस्त फोल्डरमध्ये) चालतात आणि त्यांच्याकडे रिझॉल्व्ह डॉट कॉन्फची (डीएनएस कुणाला विचारायचं ते लिहिलेल्या फाइलची) वेगळी कॉपी असते. मूळ फाइल बदलली तरी कॉपी जुनीच राहते. पोस्टफिक्स चेक दिलं की दोन फायली वेगळ्या आहेत असं तो स्वतःच सांगतो, रीस्टार्ट केलं की कॉपी नवी होते.

रांगेत एकदम हजारो मेल दिसले आणि सगळे एकाच युझरचे, तर त्याचा पासवर्ड फुटलाय. आधी पोस्टसुपर कमांडने सगळी रांग होल्डवर टाका, मग लॉगमध्ये सास्ल युझरनेम (लॉगिन केलेलं नाव) बघून त्याचा पासवर्ड बदला, मग त्याचे मेल उडवा, मग बाकीचे सोडा. क्रम उलटा केलात तर तुम्ही उडवताय आणि मागून नवीन येतायत असं चालू राहतं. आणि रांग अडकली म्हणून दर मिनिटाला फ्लश (सगळे मेल लगेच पुन्हा पाठवायची कमांड) मारू नका, समोरचा "जरा थांबा" म्हणत असताना दार वाजवत राहिलं की तो अजून चिडतो.

तिसरी पायरी: ५ ने सुरू होणारे नकार

जीमेलकडून ५.७.२५ आलं तर पीटीआर रेकॉर्डचा घोळ आहे. सर्व्हरच्या आयपीवरून नाव निघालं पाहिजे आणि त्या नावावरून परत तोच आयपी निघाला पाहिजे, आयपीला डिग डॅश एक्स आणि नावाला साधं डिग देऊन दोन्ही बाजूंनी तपासा. हा रेकॉर्ड डोमेन जिथे घेतलं तिथे लावायचा नसतो, आयपी ज्याचा आहे त्या होस्टिंगवाल्याच्या पॅनेलमध्ये लावायचा असतो, इथे जवळपास प्रत्येक जण एकदा चुकतो. आयपीव्ही४ ला लावला आणि आयपीव्ही६ ला विसरलं असंही होतं, मग मेल कधी जातो कधी नाही, कारण पोस्टफिक्स कधी या रस्त्याने जातो कधी त्या. आयपीव्ही६ ची गरज नसेल तर इनेट प्रोटोकॉल्स फक्त आयपीव्ही४ वर ठेवून मोकळे व्हा.

५.७.२६ म्हणजे तुमची ओळख पटत नाहीये. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने हे कडक केलंय, छोट्या पाठवणाऱ्यालाही एसपीएफ (या डोमेनचा मेल कुठले सर्व्हर पाठवू शकतात त्याची यादी) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) यातलं एक पाहिजेच, आणि जीमेलच्या खात्यांना दिवसाला ५,००० पेक्षा जास्त पाठवणाऱ्याला दोन्ही अधिक डीमार्क (ओळख पटली नाही तर मेलचं काय करायचं ते सांगणारा रेकॉर्ड). पण तुम्ही आकडा न बघता तिन्ही लावा. तपासायला स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, तिथे तीन टिंबांत "शो ओरिजिनल" उघडा, वरच तिन्हींचा निकाल लिहिलेला असतो.

एसपीएफ फेल दिसलं तर डोमेनला दोन एसपीएफ रेकॉर्ड तर नाहीत ना ते बघा. एकच चालतो, दोन असले की दोन्ही बाद. नवीन सर्व्हिस घेतली की तिची सूचना वाचून लोक दुसरा रेकॉर्ड टाकतात, खरं तर जुन्यातच इन्क्लूड (दुसऱ्याची यादी जोडणारा भाग) वाढवायचं असतं. ते वाढवतानाही एकूण डीएनएस लुकअप १० च्या वर गेले की परमएरर (कायमची चूक) येतो, आणि इन्क्लूडच्या आतले इन्क्लूडही त्यात मोजले जातात.

डीकेआयएममध्ये "की सापडली नाही" येत असेल तर बहुतेक वेळा ही सहीची किल्ली डीएनएसमध्ये पेस्ट करतानाचा घोळ. २,०४८ बिटची की डीएनएसच्या एका टीएक्सटी (मजकुराच्या) स्ट्रिंगच्या २५५ अक्षरांच्या मर्यादेत बसत नाही, तिचे अवतरणचिन्हांत दोन तुकडे करावे लागतात, काही पॅनेल ते स्वतः करतात, काही गुपचूप शेपूट कापतात. "बॉडी हॅश जुळत नाही" आलं तर की बरोबर आहे पण सही झाल्यावर कुणीतरी मेलमध्ये बदल केलाय, उदाहरणार्थ खाली "हा मेल गोपनीय आहे" वगैरे चिकटवणारी स्क्रिप्ट.

सगळ्यात चकवणारा प्रकार म्हणजे एसपीएफ पास, डीकेआयएम पास आणि तरी डीमार्क फेल. डीमार्क नुसतं पास बघत नाही, पास झालेलं डोमेन आणि फ्रॉममध्ये दिसणारं डोमेन जुळतंय का ते बघतो. मामांचं बिलिंग सॉफ्टवेअर त्यांच्या पत्त्याने बिलं पाठवायचं पण सही स्वतःच्या डोमेनची करायचं. उपाय, त्या सॉफ्टवेअरला आपल्या सर्व्हरचं लॉगिन देऊन आपल्याच ५८७ मधून पाठवायला लावलं. असे कोण कोण आपल्या नावाने मेल पाठवतंय ते कळायला डीमार्क आधी पी बरोबर नन (नुसतं कळवा) ठेवून काही आठवडे रिपोर्ट वाचा, मग क्वारंटाइन (स्पॅममध्ये टाका), मग रिजेक्ट (घेऊच नका). पहिल्याच दिवशी रिजेक्ट लावणारे शूर लोक मी बघितलेत, त्यांची बिलंही बघितलीत, म्हणजे न पोचलेली.

फॉरवर्डिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे, करू नका. ऑफिसचा मेल जीमेलला फॉरवर्ड केला की मूळ पाठवणाऱ्याचं एसपीएफ तुटतं, शिवाय तुमच्याकडे आलेला स्पॅम तुमच्या आयपीवरून जीमेलला जातो आणि नाव तुमचं खराब होतं. करावंच लागलं तर पोस्टएसआरएसडी (फॉरवर्ड करताना पाठवणाऱ्याचा लिफाफ्यावरचा पत्ता आपल्या डोमेनचा करणारा प्रोग्राम) लावा. नाहीतर फोनच्या ॲपमध्ये दुसरं खातं आयमॅपने जोडून द्या, लोकांना तेवढंच हवं असतं.

आउटलुककडून एस३१४० असा कोड आला तर तुमचा आयपी किंवा त्याच्या आसपासची रेंज त्यांच्या ब्लॉक लिस्टवर आहे. शेजाऱ्याच्या पापाची शिक्षा असते ही पुष्कळदा. मायक्रोसॉफ्टच्या एसएनडीएसवर (आयपीची पत दाखवणाऱ्या सेवेवर) आयपी नोंदवून स्थिती बघा, वरचं सगळं नीट करा आणि मगच डीलिस्टिंगचा फॉर्म भरा. आणि सगळं पास असूनही जीमेल स्पॅममध्ये टाकतंय तर मेलकडे बघा. मामा विषय रिकामा ठेवून आत एक अक्षर न लिहिता नुसती पीडीएफ जोडायचे. त्यांना म्हटलं, "मामा, दोन ओळी तरी लिहीत जा, नमस्कार, अमुक कामाचं कोटेशन जोडलंय." तेव्हापासून फरक पडला, हे फुकटात झालेलं सगळ्यात मोठं काम.

चौथी पायरी: बाहेरून येणारा मेल अडकतो तेव्हा

इथला सगळ्यात मोठा अपघात माझ्याकडूनच झाला. पोस्टफिक्समध्ये स्पॅमहाउसची झेन ही नको असलेल्या आयपींची यादी लावली होती, महिनोन्महिने मस्त चालली, आणि एके दिवशी येणारा प्रत्येक मेल रिजेक्ट. प्रत्येक! कारण असं की व्हीपीएसवर रिझॉल्व्हर (डीएनएसची उत्तरं आणून देणारा सर्व्हर) ८.८.८.८ हा गुगलचा सार्वजनिक होता, आणि स्पॅमहाउस सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून आलेल्या प्रश्नाला यादीचं उत्तर देत नाही, १२७.२५५.२५५.२५४ असा चुकीचा-मार्ग कोड देतो. पण पोस्टफिक्सला कोड समजत नाही, काहीतरी उत्तर आलं म्हणजे आयपी यादीत आहे, हाकला. दोन गोष्टी करा. सर्व्हरवरच अनबाउंड हा रिझॉल्व्हर बसवून पत्ता १२७.०.०.१ करा, आणि यादीच्या नावापुढे बरोबर चिन्ह देऊन फक्त १२७.०.०.[२..११] एवढीच उत्तरं मान्य असं लिहा. मग तपासा, २.०.०.१२७ जोडून झेनला विचारलं की उत्तर आलं पाहिजे आणि १.०.०.१२७ जोडून विचारलं की काहीच नाही आलं पाहिजे. जुन्या गाइडमधून कॉपी केलेल्या याद्याही एकदा चाळा, सॉर्ब्ज जून २०२४ मध्ये बंद झालीय आणि अजून कॉन्फिगांमध्ये दिसते.

असा अपघात चालू असताना पहिलं काम म्हणजे सॉफ्ट बाउन्स येस करून रीलोड. त्याने सगळे ५ चे नकार ४ चे होतात, म्हणजे समोरचे मेल परत न पाठवता थांबतात आणि तुम्हाला विचार करायला वेळ मिळतो. काम झालं की आठवणीने काढा. आणि नवीन नियम टाकताना त्याच्या आधी वॉर्न इफ रिजेक्ट लावून आठवडाभर नुसतं लॉगमध्ये बघा की कोण कोण अडकलं असतं.

ओटीपी उशिरा येतोय ही तक्रार आली की ग्रेलिस्टिंग. अनोळखी सर्व्हरला आधी ४ चा नकार द्यायचा आणि परत आला तर घ्यायचं, पोस्टग्रे या प्रोग्राममध्ये हे अंतर ३०० सेकंदांचं असतं. मोठ्या कंपन्या परत येताना दुसऱ्याच आयपीवरून येतात आणि पुन्हा अनोळखी ठरतात, तोवर ओटीपी शिळा झालेला असतो. आरस्पॅमडी निदान सगळ्यांना नाही, ४ च्या वर स्पॅमचा स्कोअर गेलेल्यांनाच थांबवतो. माझ्याकडे मी ग्रेलिस्टिंग पूर्ण बंद केलंय, स्पॅम थोडा वाढला, फोन खूप कमी झाले.

चांगला मेल स्पॅममध्ये गेला तर अंदाज करू नका, स्कोअर वाचा. आरस्पॅमडीच्या वेब पॅनेलमध्ये, पोर्ट ११३३४ वर, हिस्टरीत प्रत्येक मेलपुढे कुठल्या कारणाचे किती गुण ते लिहिलेलं असतं. ६ ला स्पॅमचा शिक्का आणि १५ ला रिजेक्ट हे मूळचे आकडे आहेत, ते वाढवण्याआधी कुठला एक नियम जास्त गुण देतोय ते बघा. व्हाइटलिस्ट करायचंच झालं तर नुसत्या फ्रॉमवर करू नका, फ्रॉममध्ये कुणीही काहीही लिहू शकतो, डीकेआयएम पास असेल तरच सूट अशी अट घाला.

मराठी मेलचं एक वेगळं आहे. स्पॅमॲसॅसिन या स्पॅम फिल्टरमध्ये टेक्स्टकॅट (भाषा ओळखणारा भाग) लावून ओके लँग्वेजेसमध्ये फक्त इंग्रजी ठेवलं असेल तर सोसायटीच्या मीटिंगची मराठी नोटीसही नको असलेल्या भाषेतली ठरते, तिथे एमआर आणि एचआय (मराठी आणि हिंदीचे कोड) घाला. बेजला (मेल बघून शिकणाऱ्या स्पॅम फिल्टरला) शिकवतानाही नुसता स्पॅम खाऊ घालू नका. किमान २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल शिकल्याशिवाय तो मतच देत नाही, आणि चांगल्यांत मराठी पत्रं, बिलं, बँकेचे मेल असं सगळं असू द्या.

बाकी किरकोळ. ४५२ आणि स्टोरेज अपुरं असं आलं तर डिस्क भरलीय, बहुतेक लॉगनेच. सर्टिफिकेटची तक्रार ९० दिवसांच्या आसपास आली तर लेट्स एन्क्रिप्टने नवीन आणलंय पण डव्हकॉट रीलोड झालेला नाही, डिप्लॉय हुकमध्ये (नवीन सर्टिफिकेट आलं की चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) एक ओळ टाका.

आणि लॉगमध्ये डव्हकॉट म्हणतोय की मेल मेलबॉक्समध्ये ठेवला, पण माणूस म्हणतोय इनबॉक्समध्ये नाही, तर त्याच ओळीत फोल्डरचं नाव असतं. मामांच्या अकाउंटंट काकूंचे जीएसटीचे मेल असेच महिनाभर गायब होते. काकूंनीच कधीतरी जाहिराती वेगळ्या काढायला एक सीव्ह फिल्टर केला होता, विषयात "ऑफर" असेल तर "नंतर बघू" फोल्डरमध्ये, आणि पुढे त्यात अजून चार शब्द वाढवले होते. त्यातला एक होता "रिटर्न".